डावीकडचा उतार

मिस्त्रींच्या डब्यात पाऊल ठेवायचं असेल तर आधी बुडबुड्याची परवानगी लागायची.

डबा म्हणजे त्यांची कॅरॅव्हॅन, मोटारीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत दोन बाकं, मधे टेबल, एक शेगडी आणि हात धुवायला वाटीएवढं सिंक. बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी तो जुन्यातला जुना बघून घेतला आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात आठ दिवस सगळं घर त्यात कोंबून ते एकाच गावाला जात. मुक्कामाला पोचेपर्यंत सगळ्यांचे पाय आखडलेले असायचे, घशाला कोरड पडलेली असायची, पण उतरून डब्यात शिरायची सोय नव्हती. मिस्त्री आधी पाणसळ काढणार, म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. ती डब्याच्या जमिनीवर आडवी ठेवणार, उभी ठेवणार, चाकाखाली फळ्या सारणार, पाचर ठोकणार, पुन्हा वाकून बघणार. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन गप उभा राहिला की मगच म्हणणार, "हं, या आता." शेजारच्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा तोवर चहा पिऊन, कप विसळून व्हायचा.

माणूस पेशाने फरशी बसवणारा. चौदाव्या वर्षी मामाच्या हाताखाली माल कालवायला लागले, ते पुढची पन्नास वर्षं त्यांनी गुडघ्यांवर काढली. कुठेही नवीन जागी गेले की लोक छताकडे बघतात, भिंतींकडे बघतात. हे खाली बघायचे. लेकीच्या लग्नात सगळा हॉल नवरीकडे बघत होता आणि नवरीचा बाप बुटाच्या टाचेने फरशी वाजवून व्याह्यांना सांगत होता, "बद्द वाजतेय बघा. खाली पोकळ आहे." व्याह्यांना बराच वेळ वाटत राहिलं की आपल्यालाच काहीतरी टोमणा मारला.

पण मिस्त्रींचं खरं अवजार पाणसळ नव्हतं. ते होतं त्यांच्या बायकोचे पाय. तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती कामावर जेवणाचा डबा घेऊन आली, नव्या फरशीवर चपला नकोत म्हणून दारातच काढल्या, आणि शाळेच्या त्या लांबलचक व्हरांड्यातून चालत येता येता मधेच थांबून म्हणाली, "इथे तिसऱ्या ओळीत काहीतरी वर आलंय." मिस्त्रींनी पाणसळ लावून दाखवली. बुडबुडा मधोमध. कंत्राटदाराने येऊन काम पास केलं. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "तू पोळ्या लाट, फरशीचं मी बघतो." दोन महिन्यांनी ती तिसरी ओळ फुगून वर आली, एक मास्तरीण अडखळून पडली आणि मिस्त्रींचं नाव त्या शाळेच्या दारातून कायमचं पुसलं गेलं. घरी आल्यावर मिस्त्रीण एक अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्री पुढे कितीतरी वर्षं सांगायचे.

तेव्हापासून प्रत्येक काम संपलं की शेवटचा सांधा वाळल्यावर ती यायची, अनवाणी, डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. ती "बरोबर" म्हणाली की काम पास. ती "नाही" म्हणाली की थापी पुन्हा हातात. मिस्त्रींनी तिच्या पायांशी पुन्हा म्हणून वाद घातला नाही, आणि खरंच सांगायचं तर त्या पायांनी त्यांना एकदाही दगा दिला नाही. असा विश्वास लाखात एखाद्या नवऱ्याचा असतो. तोच पुढे नडेल असं कुणाच्या ध्यानीमनी येणार?

गेल्या वर्षी हिवाळा सरता सरता मिस्त्रीण सिंकपाशी भांडी घासत असताना म्हणाली, "अहो, इथे डावीकडे उतार पडलाय का?"

मिस्त्रींनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुला भास होतोय. मिस्त्रींनी स्वयंपाकघराची फरशी उखडली. चौसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांना गरम पट्टे बांधून, आठ दिवसांत नवी बसवली. मिस्त्रीण दारातून सिंकपर्यंत डोळे मिटून चालत आली, सिंककडे तोंड करून उभी राहिली आणि केविलवाण्या चेहऱ्याने म्हणाली, "अजून आहे हो." मिस्त्रींना वाटलं, आपली पाणसळ म्हातारी झाली. नवीन आणली. नवीनही तेच सांगायला लागली, तर म्हणाले, हल्लीच्या वस्तूंत राम राहिला नाही. पुन्हा उखडली, पुन्हा बसवली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही पाणसळी कपाटात टाकल्या आणि मिस्त्रीणीला सिंकपाशी उभं करून, तिच्या पायांना विचारत विचारत डावी बाजू उचलत नेली. ती "बरोबर" म्हणाली तेव्हा डावीकडची फरशी उजवीपेक्षा दोन बोटं वर होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, पण तेव्हा चोर कोण हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत मिस्त्रीणीचं डोकं सकाळी सकाळी ठणकायला लागलं. दोनदा उलटी झाली. "फरशा कापल्याची धूळ," मिस्त्री म्हणाले. तिलाही ते पटलं. धूळ होतीच की घरभर.

लेक दर रविवारी यायची. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच ती दचकली. "बाबा, हे काय करून ठेवलंत? आईला आधी डॉक्टरकडे न्या."

"तिच्या पायांना काय धाड भरलीय? इमारत खचतेय. पायाच बघायला हवा."

"आई, तू तरी?"

"मला काही झालेलं नाही गं," मिस्त्रीण म्हणाली. "सुट्टीवरून आल्यावर बघू. तिकडची हवा लागली की बरं वाटेल."

सुट्टीचं हे असं असतं. वर्षभराचं सगळं तिच्यावर ढकलता येतं.

गाव फार जुनं. भोवती तटबंदी, दोन वेशी, एवढ्याच रुंदीचे रस्ते की समोरून हातगाडी आली तर माणसाने कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहावं. तटाबाहेर नदीकाठी झाडाखाली कॅरॅव्हॅन उभ्या करायचं मैदान होतं. पोचल्यावर मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे पाणसळ काढली, फळ्या लावल्या, बुडबुडा मधोमध आणला आणि म्हणाले, "हं, या आता." मोटारीतून लेक उतरली, जावई उतरला, सात वर्षांची नात ठकू उडी मारून उतरली. मिस्त्रीण सगळ्यांत शेवटी, दाराचा कठडा धरून आत आली, पुढच्या खिडकीकडे तोंड असलेल्या आपल्या ठरलेल्या बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"डावीकडे उतार आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

मिस्त्री बाहेर गेले. डाव्या चाकाखाली एक फळी. "अजून थोडं." दुसरी फळी. "अजून." तिसऱ्या फळीला तिने टेबल सोडलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बुडबुडा तोवर डाव्या टोकाला जाऊन चिकटला होता. मिस्त्रींनी पाणसळ पोत्यात गुंडाळून बाकाखाली सारली.

मग चार दिवस सगळं कुटुंब तिरकं जगलं. टेबलावर ठेवलेलं अंडं उजवीकडे घरंगळायचं, ते झेलायचं काम ठकूकडे होतं. सूप ताटलीच्या एकाच काठाला गोळा व्हायचं. जावई शाळेत भूगोल शिकवायचा, स्वभावाने गरीब. तो रोज सकाळी उजव्या भिंतीला पालीसारखा चिकटलेला सापडायचा आणि "छान झोप लागली" असं म्हणायचा. शेजारचे एक गृहस्थ येऊन सांगून गेले, "काका, तुमचं एक चाक वर राहिलंय." मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुन्हा ते त्या बाजूने फिरकले नाहीत. लेक मात्र हसत नव्हती. ती आईकडे बघायची, मग बापाकडे, आणि कप उगाच जोरात आपटायची.

पाचव्या दिवशी कचेरी बघायची होती. गावातली सगळ्यांत जुनी इमारत. पूर्वी तिथे न्यायनिवाडे व्हायचे, आता बघायला लोक येत. लोक वरचं लाकडी छत बघायला येत, मिस्त्री फरशी बघायला. चारशे वर्षांपूर्वीच्या काळ्या दगडाच्या लाद्या, दारापासून समोरच्या खिडकीपर्यंत सत्तावीस. नखसुद्धा जाणार नाही असे सांधे. पहिल्या वर्षी मिस्त्रींनी रखवालदाराची नजर चुकवून त्या लाद्यांवर जागोजागी पाणसळ ठेवून पाहिली होती आणि उठून उभे राहून टोपी काढली होती. पुढे दर वर्षी मिस्त्रीण तिथे चपला काढायची, डोळे मिटायची आणि दारापासून खिडकीपर्यंत सरळ चालत जायची. तो त्या दोघांचा खेळ होता. खिडकीशी पोचली की म्हणायची, "पास!" रखवालदारही आता ओळखीचा झाला होता. तो म्हणायचा, "चला, अजून एक वर्ष इमारतीची काळजी नको."

त्या वर्षीही तिने चपला काढल्या. ठकूने त्या हातात धरल्या. मिस्त्रीणीने डोळे मिटले आणि चालायला लागली.

चार लाद्या ती सरळ गेली. पाचवीपासून डावीकडे वळायला लागली. आपण वळतोय हे तिला कळत नव्हतं. चेहरा अगदी निवांत होता. बाराव्या लादीला तिचा खांदा डावीकडच्या भिंतीला लागला आणि तिने डोळे उघडले.

"अगंबाई," ती हसली. "इथेही उतार पडला वाटतं. थांबा, पुन्हा करते." हसत हसत, भिंतीला हात लावत ती खिडकीपर्यंत गेली, तिथून वळली आणि डोळे मिटून दाराच्या दिशेने यायला लागली.

आता मघाची भिंत तिच्या उजव्या हाताला होती. फरशीला खरंच त्या बाजूला उतार असता तर ती आता उजवीकडे जायला हवी होती. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. पन्नास वर्षं फरशी बसवलेला माणूस. बायको पुन्हा तिच्या डावीकडेच वळत होती, समोरच्या दुसऱ्या भिंतीकडे. जाताना डावीकडे आणि येतानाही डावीकडे उतरणारी फरशी जगात अजून कुणी बसवलेली नाही.

एका क्षणात मिस्त्रींना सगळं दिसलं. घरी ती नेहमी सिंककडेच तोंड करून उभी राहायची. डब्यात खिडकीकडेच तोंड करून बसायची. तिला उलटं वळून उभं राहा, एवढं एक वाक्य ते बोलले असते, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बुडबुडा चार महिने ओरडून सांगत होता आणि त्यांनी त्याला पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं.

ते धावत गेले आणि भिंतीवर आदळायच्या आत त्यांनी तिला धरलं.

"काय हो?" तिने डोळे उघडले. "पास ना?"

"फरशी पास आहे," मिस्त्री म्हणाले.

गावातल्या छोट्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मिस्त्रीणीला एका रेषेवर चालवलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, डोळ्यांत बारीक प्रकाश टाकून बराच वेळ बघितलं. मग शहरातल्या मोठ्या इस्पितळाला फोन केला. उद्या सकाळीच या, असं तिकडून सांगितलं. फोन ठेवून तिने विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

लेक बापाकडे बघत राहिली. उत्तर फक्त त्यांच्याकडे होतं.

"पहिली फरशी काढली तेव्हापासून," मिस्त्री म्हणाले. डॉक्टरीणीला काही कळलं नाही. "चार महिने," ते म्हणाले.

"चार महिने? मग आधी कुठे दाखवलं नाहीत?"

"मी फरशी दुरुस्त करत होतो."

डॉक्टरीणीने कागदावर लिहिलं, चार महिने. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी तिला एकटीला गाठून विचारलं, तेव्हा आलो असतो तर? ती चांगली मुलगी होती, खोटं बोलायला तिला जमलं नाही. "तेव्हा जे काही आहे ते लहान असतं," एवढंच म्हणाली.

ऊन उतरायच्या आत सगळे डब्यावर परतले. लेक आणि जावई सामान बांधायला लागले, ठकू नदीकडे गेली. मिस्त्रीण आपल्या बाकावर बसली होती. मिस्त्री तिच्या समोर, डब्याच्या उजवीकडे कलून.

"अहो, स्वयंपाकघरातली फरशी."

"हं."

"तुम्ही पहिली बसवलीत ती बरोबर होती ना?"

"हं."

"आणि दुसरी?"

"तीही."

मग ती म्हणाली, "माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?"

मिस्त्री रडले. लेकीच्या जन्माच्या वेळी नाही, आई गेली तेव्हा नाही, त्या तिरक्या डब्यात टेबलावर डोकं ठेवून रडले. मिस्त्रीणीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा हात दोनदा चुकून डावीकडे टेबलावर पडला, तिसऱ्यांदा बरोबर केसांवर आला.

"उठा आता," ती म्हणाली. "डबा सरळ करा. जावई चार दिवस भिंतीला चिकटून झोपतोय, बोलत नाही म्हणून काय झालं?"

"तुला त्रास होईल."

"आजची एकच रात्र. करा म्हणते ना."

मिस्त्री बाहेर गेले. डाव्या चाकाखालच्या तिन्ही फळ्या काढल्या, आत येऊन पोत्यातली पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध.

"बरोबर आहे," मिस्त्रीण म्हणाली. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती. मिस्त्रींनी ते पाहिलं. पुन्हा बाहेर जाऊन त्यांनी एक फळी चाकाखाली सारली. एकच. तिला आणि बाकीच्यांना, दोघांनाही थोडं थोडं सोसता येईल एवढी.

मेंदूतली गाठ मोठी होती. शस्त्रक्रिया झाली, पण जेवढी निघायची तेवढीच निघाली. मिस्त्रीण सात आठवडे जगली. शेवटचे दिवस ती पलंगावरच होती, पाय जमिनीला लागले नाहीत.

वर्ष झालं. डबा गॅरेजमध्ये उभा आहे, तो कुठे गेला नाही. मिस्त्री एकटे राहतात, एकटे रांधतात. सिंकपाशी चमचा खाली पडला की उजवीकडे सरकत कपाटाखाली जातो, आणि ते गुडघे धरून वाकून तो काढतात. लेक प्रत्येक रविवारी म्हणायची, "बाबा, ही फरशी बदला. घसरून पडाल एक दिवस." शेवटी न विचारताच तिने एक फरशीवाला पाठवून दिला. तिशीतला, हुशार गडी. आला, पाणसळ टाकली आणि शीळच घातली.

"काका, हे कुठल्या आंधळ्याने केलं हो?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

तो ओशाळला. मिस्त्रींचं नाव त्याच्या कानावर होतं. जरा वेळाने, विषय बदलायचा म्हणून म्हणा की खरंच नवल वाटून म्हणा, त्याने विचारलं, "आणि हे असं पास कुणी केलं?"

मिस्त्रींनी त्याला चहा पाजला, हेलपाट्याबद्दल माफी मागितली आणि दारापर्यंत सोडून आले. मग त्यांनी चपला काढल्या. सिंकपाशी, ती उभी राहायची तिथे, तिच्यासारखंच तोंड करून ते उभे राहिले आणि डोळे मिटले. त्यांच्या पायांना उजवीकडे उतार लागत होता. तिला ही जागा कशी सरळ लागली असेल, ते शोधत ते हळूहळू डावीकडे झुकत गेले, आणि तोल जाईपर्यंत तसेच उभे राहिले.